बंद गोदामातली डिझेलची गाडी

भावजींनी सिगारेट पेटवली की माझी ताई त्यांना थेट जिन्यात हाकलते. का, तर लहान बहिणीची छाती नाजूक. लहान बहीण म्हणजे मी. लग्न केलं नाही, ताईकडेच राहते. आणि हीच ताई वर्षभर मला रोज धूर पाजत होती, हे सांगितलं तर कोणाला पटेल?

ताई फोर्कलिफ्ट, म्हणजे जड माल उचलून ठेवणारी गाडी चालवते. उमेदीची सगळी वर्षं तिने लाकडाच्या उघड्या वखारीत डिझेलच्या गाडीवर काढली. चिखल असो, खड्डे असोत, गाडी कधी अडली नाही. तिथे तिला सगळे 'कॅप्टन' म्हणत आणि ते तिच्या जरा डोक्यातही गेलं होतं. पुढे आम्ही दोघी औषधांच्या गोदामात लागलो, ती गाडीवर, मी पॅकिंगला. इथे फरशी गुळगुळीत, आणि धूळ नको म्हणून दारं कायम बंद. नवी गाडी घेताना मालकांनी तिलाच विचारलं. बंद जागेत बॅटरीचीच घ्या, धूर होत नाही, असं विकणाऱ्यानेही बजावलं होतं. ताईने नाक मुरडलं. बॅटरीची गाडी म्हणजे खेळणं, जिला आवाज नाही ती वजन काय उचलणार, असं म्हणून तिने डिझेलचीच घ्यायला लावली.

खोकल्याच्या औषधाची खोकी भरता भरता मला खोकला लागला. हसण्यासारखंच आहे, पण हसले की ढास लागायची. धुरापासून लांब राहा, नाहीतर छाती कायमची जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी आल्यावर ताईने भावजींचं सिगारेटचं पाकीट कचऱ्यात टाकलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"त्यांच्या कशाला मागे लागतेस?" मी म्हणाले. "मला तुझी गाडी मारतेय."

ताई त्या दिवशी जेवली नाही. सकाळी तरातरा मालकांच्या केबिनमध्ये गेली, मागोमाग मी. गाडी निवडताना माझी चूक झाली, असं तिने सरळ सांगितलं. हे शब्द तिच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. मालक म्हणाले, गाडी उत्तम आहे; बहिणीला सोसत नसेल तर तिला घरी बसवा, पॅकिंगला बायका ढिगाने मिळतात. मी समोर उभी असताना म्हणाले हे! जणू मी फुटकं खोकंच.

ताईने गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. "मग चालवणारीही दुसरी बघा."

आता आम्ही दोघी दुसऱ्या गोदामात आहोत. ताई बॅटरीच्या गाडीवर बसते आणि आवाज नाही म्हणून रोज कुरकुरते. माझा खोकला गेला, राग गेलेला नाही. परवा बाजारात माझ्या जागी लागलेली बाई भेटली. आमच्याच गल्लीतली, हसतमुख.

"गाडी अजून तीच आहे का गं?" ताईने तिला हळूच विचारलं.

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिला ढास लागली.