दादाचं टोकियो

दादाचं टोकियो माझ्यामुळे गेलं.

हे मी आईबाबांना कधी सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, मुलांना नाही. काल दुपारी दादा गेला आणि आता हे पोटात ठेवून बसवत नाहीये.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही नागपूरजवळ कोराडीच्या कॉलनीत राहायचो. बाबा पॉवर स्टेशनमध्ये. अरुणदादा शहरातल्या एका ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर. इंजिनिअर लोकांचे नकाशे दिवसभर शाईने गिरवायचे, ही नोकरी.

त्याचा दोस्त विजय एका कॉलेजात कॉम्प्युटर ऑपरेटर होता. त्याच्याकडे दादाने एका फॉरेनच्या मासिकात टोकियोच्या एका स्टुडिओचे फोटो पाहिले. कॉम्प्युटरवर चित्रं काढायची आणि ती सिनेमासारखी हलवायची, हेच त्यांचं काम.

दादा त्या दिवशी जेवला नाही. नुसता बोलत होता.

दर रविवारी विजय त्याला मशीनवर बसवायचा. वर्षभर खपून दादाने वीस सेकंदांचं चित्र बनवलं. कोराडीच्या पॉवर स्टेशनची चिमणी, आणि तिच्या धुरातून उडत निघालेली खरी चिमणी. नागपूरच्या महाल भागातल्या एका फोटोग्राफरचा कॅमेरा स्क्रीनसमोर लावून एकेक फ्रेम शूट केली.

मग त्याने स्टुडिओला पत्र लिहिलं.

उत्तर आलं! तानाका नावाचे कुणी साहेब होते. रीळ न धुता पाठवा, आम्ही इथे धुऊ, आवडलं तर वर्षभर ट्रेनिंगला या, तिकीट आमचं, असं त्यांनी कळवलं.

बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा क्वार्टर्सच्या अख्ख्या लाइनीत पेढे वाटले. आईने त्याच्यासाठी स्वेटर विणायला घेतला. नागपूरच्या मे महिन्यात.

दादाने रीळ पाठवलं. दोन महिन्यांनी दुसरं पत्र आलं. रीळ कोरं निघालं होतं. वाटेत कुठेतरी डबा उघडला गेला आणि सगळ्या फिल्मला उजेड लागला. पण साहेबांनी लिहिलं होतं, दोन महिन्यांत पुन्हा पाठवा, जागा तुमच्यासाठी ठेवली आहे.

तोवर विजय दुसरी नोकरी मिळून हैदराबादला गेला होता. कॉलेजातल्या नव्या साहेबाने बाहेरच्या माणसांना आत यायला बंदी केली. दादा चार दिवस त्या दाराशी उभा राहिला. मग ज्या ज्या ऑफिसात कॉम्प्युटर आहे असं ऐकलं, तिथे तिथे गेला. हात जोडले. एका ठिकाणी तर वॉचमननेच हाकललं.

एका संध्याकाळी घरी येऊन म्हणाला, "मी त्यांले खरं लिहून टाकतो. मशीन आता नाही म्हणून."

मी एकोणीस वर्षांची होते. मला वाटलं, आपण फार हुशार.

"काहून लिहितो गा? हातची जागा जाईन. आपण हातानं काढू. तिकडं कोणाले समजते?"

दुसऱ्या दिवशी दादा स्क्रीनसारखा काळा कागद घेऊन आला.

तीनशे वीस चित्रं.

तो पांढऱ्या शाईने रेघा ओढायचा. मी कागद कापायचे, नंबर टाकायचे, वाळवायचे. खिडकी उघडली की पॉवर स्टेशनची राख येऊन ओल्या शाईवर बसायची, म्हणून ऐन उकाड्यात खिडक्या बंद. पंखाही बंद, कागद उडतात म्हणून. त्याच्या अंगठ्याला फोड आले तर मी चिंधी बांधून द्यायचे आणि म्हणायचे, बस थोडे राहिले.

त्याच फोटोग्राफरकडे एकेक चित्र शूट केलं. रीळ गेलं. सोबत पत्र गेलं, 'मशीनवर पुन्हा बनवलं आहे.' तो मजकूरही मीच सांगितला.

तिसरं पत्र आलं तेव्हा सगळे घरी होते. दादाने आधी मनात वाचलं. मग बाबांनी विचारलं म्हणून मराठीत सांगितलं.

रेघा हाताच्या आहेत, हे आम्हाला लगेच कळलं. हात फार चांगला आहे. मशीन नाही असं लिहिलं असतं, तर मशीन आम्ही दिलं असतं. पण तुम्ही खोटं लिहिलंत. जागा दुसऱ्याला दिली आहे.

बाबा म्हणाले, "काहून केलं गा असं?"

"माहंच चुकलं, बाबा."

मी तिथेच कणीक मळत होते. मळतच राहिले.

नंतर मी चोरून डिक्शनरी घेऊन स्टुडिओला पत्र लिहिलं. चूक माझी आहे, भावाला घ्या. एक नाही, चार पत्रं. रोज पोस्टमनला कोपऱ्यावर गाठायचे. तो लांबूनच मान हलवायचा. वर्षभर हलवत राहिला.

दादा ट्रेसर म्हणूनच रिटायर झाला. स्वतःसाठी एक रेघ पुन्हा ओढली नाही. माझ्या मुलांनी वही पुढे केली की म्हणायचा, "मले नाही येत बेटा." मी किचनमध्ये निघून जायचे.

शेवटचे चार महिने तो मनीषनगरला माझ्याकडेच होता. परवा त्याला पाणी पाजताना मी बोलले एकदाची. म्हटलं, दादा, तुझं सगळं मी घालवलं.

तो म्हणाला, "पत्रावर सही तं माही होती ना वं."

एवढंच. मग पाणी प्यायला.

लोक म्हणतील, बघ, त्याने माफ केलं. नाही. त्याने तेव्हाही सगळं स्वतःवर घेतलं होतं आणि परवाही घेतलं. मला कधी काही उचलूच दिलं नाही त्याने.

माझ्याने भावपूर्ण श्रद्धांजली वगैरे लिहवत नाही.

जयभीम, दादा. सांभाळून जा.