चहा सांडलेला दाखला

माझ्या लग्नात मुंडावळ्या बांधून मी बोहल्याकडे निघाले होते, तेवढ्यात ऑफिसचा शिपाई घाम पुसत मंगल कार्यालयाच्या दारात उभा. "बाई, साहेब विचारतायत, ती निविदांची फाईल कुठाय?" मी तिथूनच सांगितलं, "खिडकीकडचं कपाट, मधला खण, शेवाळी पुठ्ठा." आणि सासरच्या मंडळींकडे अशा काही रुबाबात पाहिलं, की जणू खडकीतल्या आमच्या ऑफिसचा सगळा कारभार या नवरीच्याच खांद्यावर! फायली मी मुद्दामच अशा लावायचे, की दुसऱ्या कुणाला त्या सापडू नयेत. त्याला मी हुशारी समजत असे. गाढव मुलगी.

आता माझ्या सुनेचं स्प्रिंगा बनवायचं वर्कशॉप आहे. जुने कागद स्कॅन करून तिच्या कंपनीच्या ऑनलाइन लायब्ररीत चढवायचं काम मी हौसेनं मागून घेतलं. कर्वेनगरच्या घरात बसून मी चढवते, की तिकडे वर्कशॉपात सगळ्यांना दिसतं. तिनं नियम सांगितला होता: फाईलच्या नावात गिऱ्हाईक, पार्ट नंबर, तारीख. मी मान डोलावली आणि माझ्या पद्धतीनं नावं दिली. 'जांभळी सही'. 'कोपरा फाटका'. 'चहा सांडलेला दाखला'. सवय हो, दुसरं काय.

परवा तिच्या सगळ्यात मोठ्या, ट्रॅक्टरवाल्या गिऱ्हाइकाचा तपासनीस येणार होता. जुन्या मालाच्या चाचणीचा कुठलाही दाखला तो मागणार, आणि तो तिथल्या तिथे दाखवता आला नाही तर पुढची ऑर्डर दुसरीकडे जाणार. नेमकी त्याच सकाळी माझी दाढ काढायची होती.

"मी दाढ पुढे ढकलते. मी नसले तर तुझं कसं व्हायचं?"

"आई, रात्रभर कण्हत होतात. जा मुकाट्यानं."

खुर्चीत बसले, इंजेक्शन झालं, अर्धं तोंड बधिर झालं. आणि मग आठवलं. ट्रॅक्टरच्या सीटखालच्या स्प्रिंगचा दाखला म्हणजेच तो चहा सांडलेला! जगात कुणाला कळणार? तेवढ्यात पर्समध्ये फोन वाजला. सुनेसाठी ठेवलेली रिंगटोन. मी हातवारे केले.

"आजी, हात खाली. आणि बोलायचं नाही," डॉक्टर म्हणाले.

फोन वाजून वाजून थांबला. गेली ऑर्डर, मी मनात म्हटलं. तोंडात कापूस घेऊन रिक्षा थेट वर्कशॉपला नेली. सून दारातच, तपासनिसाची गाडी वळून जाताना बघत उभी.

"हाहला?" मी विचारलं. दाखला म्हणायचं होतं.

"कुठला? ट्रॅक्टरचा? तो कधीच दाखवला. ऑर्डरही पक्की. फोन केला होता तो दाढ निघाली का, ते विचारायला."

तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझ्या प्रत्येक फाईलसमोर गिऱ्हाईक, पार्ट नंबर, तारीख, सगळे रकाने भरलेले. मी एकेक फाईल चढवत होते, तशी ही प्रत्येक उघडून वाचत होती. पार्ट नंबर टाकला, की 'चहा सांडलेला दाखला' आपसूक वर येत होता. मला एका शब्दानं बोलली नव्हती.

मी खुणेनं विचारलं, नाव का नाही बदललंस?

"बदललं असतं तर तुम्हाला सापडलं नसतं."

इतकी वर्षं कागद लावले, पण आपल्याशिवाय दुसऱ्यालाही सापडावेत असं माझ्या डोक्यात कधी आलं नाही. हिनं तर दोघींनाही सापडतील असे लावले. मला अगदी भरून आलं. डोळे पुसायला लागले तर म्हणते, "रडू नका, कापूस निघेल."

पुढच्या आठवड्यात मैत्रिणींबरोबर कोकणात चालले आहे. फोन नेतेय, पण तो फक्त समुद्राचे फोटो काढायला.