‘कळलं’ म्हणेपर्यंत

माझ्या सुनेला साखरेचा डबा हलवायचा असला की घरात दवंडी पिटली जाते. “साखर वरच्या फळीवर ठेवतेय.” मी “कळलं” म्हणायचं, माझ्या मुलाने न्हाणीघरातून “कळलं” ओरडायचं, तेव्हा कुठे डबा हलतो.

खोड माझीच. पस्तीस वर्षं मी रंगमंचावर काढली. एकदा आमच्या व्यवस्थापकाने सिंहासन दोन हात डावीकडे सरकवलं. वहीत नोंद केली, मला निरोपही धाडला. तो माझ्यापर्यंत पोहोचला का, हे मात्र कुणी पाहिलं नाही. महाराणी, म्हणजे मी, सवयीच्या जागी ऐटीत बसल्या, त्या थेट जमिनीवर. त्या शोकनाटकाला इतका हशा पुन्हा कधी मिळाला नाही. तेव्हापासून नटाने “कळलं” म्हटल्याशिवाय आमच्याकडे पाटसुद्धा हलत नसे. लग्न होऊन आली तेव्हा सून या प्रकाराला हसली होती. आता माझ्यापेक्षा कडक झाली आहे.

ती एका मोठ्या यंत्राच्या पोटात अनेक पाहुणे संगणक नांदवते. प्रत्येकाला वाटतं, अख्खं घर आपलंच. पाहुणा म्हणतो “तीन नंबरची खोली”. यजमान यंत्राच्या तक्त्यात मेमरीतली ती जागा असते सत्तेचाळीस नंबरची. नेटवर्क कार्डासारखी उपकरणं त्या तक्त्यावरून खोली शोधतात आणि आलेला माल, म्हणजे माहिती, थेट तिथे टाकतात. हा तक्ता सांभाळायचं काम सूनबाईंचं.

गेल्या महिन्यात हजारातून एकदा एकाचा माल दुसऱ्याच्याच खोलीत पडू लागला. सोमवारी दुपारपर्यंत दोष सापडला नाही, तर तिचं दोन वर्षांचं काम नव्या आवृत्तीतून वगळणार होते. रविवारी सकाळी ती जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉपकडे डोळे वटारून बसली होती.

“पाहुण्याने खोली सोडली की मी तक्त्यातली ओळ पुसते, मग खोली दुसऱ्याला देते. तरी हा मेला हमाल, ते नेटवर्क कार्ड, जुन्याच पाहुण्याचा माल तिथे टाकतो.”

“तक्ता बघूनच जातो ना तो?”

“दर वेळी नाही, आई. घाई असते त्याला. नेहमीचे पत्ते चिठ्ठीवर उतरवून खिशात ठेवतो. पण ओळ पुसली की मी कळवते, चिठ्ठी फाड म्हणून.”

“मग तो काय म्हणतो?”

“कोण?”

“तुझा खिसेवाला. कळलं म्हणतो का?”

“म्हणतो की. जरा वेळाने.”

“आणि तोवर तू थांबतेस?”

तिने कप खाली ठेवला, तोही बशीच्या बाहेर.

“आई, मी सिंहासन हलवलं.”

“आणि तेही माझ्या घरात राहून,” मी म्हटलं.

मग ती जी हसत सुटली, ती डोळे पुसतच कामाला लागली. उपकरणाचं उत्तर आल्याशिवाय खोली दुसऱ्याला द्यायची नाही, एवढंच लिहायचं होतं. नऊ ओळी झाल्या. चाचणी सोमवारपर्यंत सलग चालली. लाखो फेऱ्या, माल एकदाही भलत्या खोलीत पडला नाही. दुपारी साहेबांचा फोन आला. “बरं, बरं,” म्हणत ती आरशासमोरच्या माझ्या खुर्चीभोवती फेऱ्या घालत राहिली, तेव्हाच मी ओळखलं, तिचं काम वाचलं.

संध्याकाळी चहा करताना तिचा आवाज आला, “आई, साखर खालच्या फळीवर ठेवतेय.”

मी मुद्दाम गप्प राहिले. डोकावून पाहिलं तर डबा हातात धरून ती तशीच उभी होती, आधण उतू जायला आलेलं.

“कळलं गं,” मी म्हटलं.

मग तिने डबा ठेवला.