घोडीच्या पाठीवरची वाळू

त्या साली आमच्या बीड जिल्ह्यात ऊस शेतातच वाळून गेला. सहकारी साखर कारखान्याची चिमणी ऐन हंगामात थंड पडली आणि मी, ऊसगाड्या तोलणारा काट्यावरचा कारकून, रोज रिकाम्या काट्याशेजारी हजेरी लावून बसू लागलो. म्हणून जत्रेतल्या घोड्यांच्या शर्यतीचं काम माझ्या गळ्यात पडलं.

ही शर्यत ओळीनं चार वर्षं एकच घोडी जिंकत होती. पांढरी, नऊ वर्षांची. मालक कारखान्याचे संचालक, सगळे त्यांना दादा म्हणायचे. यंदा किराणा दुकानदार आप्पांनी आपला तीन वर्षांचा तांबडा घोडा उतरवला. पंचांच्या बैठकीत ते म्हणाले, "लेकरू आन् पैलवान एकाच आखाड्यात काऊन सोडता? ह्यो न्याय हाय का?"

"मग बांधा की घरी," दादा म्हणाले.

तेव्हा कोपऱ्यातून चाचा बोलले. चाचांनी तरुणपणी हैदराबादच्या रेसकोर्सवर घोडे सांभाळले होते. "उधर हँडिकॅप असतो. जो जीततो, त्याच्या पाठीवर जादा वजन. कमी उमरच्याची हड्डी कच्ची असती, त्याला सूट. सगळे एका लाइनीत यावेत, तवाच मजा हाय."

"म्हंजे जिंकायचा दंड?" दादा उखडले.

एक पंच हळूच म्हणाला, "दादा, थोरानं धाकट्याला सांभाळून घ्यावं ह्यालाच सहकार म्हंतेत, आसं भाषणात तुमीच सांगता."

दादांना कबूल व्हावं लागलं. गावात मात्र हँडिकॅपचं 'हंडी-कप' झालं. जिंकणाऱ्याला हंडी आणि कप दोन्ही मिळणार की एकच, हे विचारायला दोघंजण माझ्याकडे येऊन गेले.

घोडीनं तांबड्यापेक्षा बारा किलो जास्त वाहायचं, असं चाचांनी सांगितलं. हा आकडा कुठून काढला, असं मी विचारलं. ते म्हणाले, "अंदाज, बाबूसाहेब. बरोबर निघाला तर वाहवा, न्हाई तर शिव्या."

कारखान्याच्या काट्याला दहा किलोच्या खालचं काही दिसतच नव्हतं, म्हणून दूध सोसायटीतला पेंड तोलायचा काटा आणला. तांबड्यावर गावचा शिंपी बसणार होता, सुतळीसारखा बारीक. घोडीवर दादांचे मेहुणे, आणि बारा किलोला जे कमी पडेल तितकी वाळू खोगिराच्या पिशव्यांत. त्यांचं वजन जितकं भरेल तितकी वाळू कमी, हे मेहुण्यांनी ओळखलं आणि काट्यावर चढण्याआधी ते आडोशाला दोन तांबे पाणी पिऊन आले. ते कुणीतरी पाहिलं. फसवणुकीचं कुणाला काही वाटलं नाही, पण पाण्यावरून गाव खवळलं.

"आठ दिसाला टँकर येतोय, आन् तू वजनासाठी पाणी पेतोस बे?"

पंचांनी मेहुण्यांना बाभळीमागं जाऊन यायला सांगितलं. ते आल्यावर मी पुन्हा तोललं आणि खोगिराच्या पिशव्यांत आणखी दोन ओंजळी वाळू भरली. मेहुणे माझ्याकडे बघत नव्हते.

शर्यत गावतळ्यात झाली. तळं कोरडंठाक, बुडाच्या गाळाला भेगा पडलेल्या. सहा जनावरं सुटली. तांबडा पहिल्या दमातच पुढं गेला. आप्पा दुकानदारीचा सगळा सभ्यपणा विसरून नाचायला लागले. मग भेगा आल्या. तांबड्यानं असलं काही आयुष्यात पाहिलं नव्हतं. तो प्रत्येक भेगेवरून ओढा ओलांडावा तशी उडी मारायला लागला आणि शिंपी दर उडीला वीतभर वर जायला लागला. घोडी मात्र पाठीवर मेहुणे आणि वाळू घेऊन काठच्या घट्ट जमिनीकडं सरकली. लांबून आली, पण सरळ आली. शेवटी दोघं जोडीनं धावत होती. घोडी एका मानेच्या अंतरानं जिंकली.

चाचांनी मला मिठीच मारली. "एक गर्दन, बाबूसाहेब! अंदाज म्हंत्यात तो ह्यो!" इतकी वर्षं ऊस तोलला, पण मी तोललेल्या वजनावर लोकांनी टोप्या उडवल्याचं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पुढच्या साली पाऊस बरा झाला. तळ्यात पाणी आलं, शर्यत माळावर गेली. तांबडा आता चार वर्षांचा झालाय, सूट निम्मी करा, असं चाचांनी सांगितलं. मी जादाचं वजन सहा किलोवर आणलं. तरी तांबडा दोन घोड्यांच्या अंतरानं पुढं निघून गेला.

दादा तरातरा माझ्याकडं आले. "वाळू जास्त झाली!"

"पुन्हा तोलू?" मी विचारलं.

चाचा घोडीच्या गुडघ्यांवरून हात फिरवत होते. "वाळू न्हाई दादा. उमर."

पिशव्या दादांनी स्वतः सोडल्या, खोगीर खांद्यावर टाकलं आणि लगाम धरून पायी निघाले. बक्षिसाचा फेटा बांधलेले आप्पा गर्दीतून त्यांच्यामागं धावले. मीही गेलो, मला वाटलं, आता भांडण होणार.

"दादा," आप्पा म्हणाले, "हिचं एक शिंगरू व्हावं. माझा तांबडा हाय की."

दादांनी खोगीर दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाले, "झालं तर आर्धं तुझं, आर्धं माझं."

शिंगरू झालं. पांढरं होणार की तांबडं, यावर दोघं आधी वर्षभर भांडत आले होते. ते निघालं काळंकुट्ट. दोघं एकमेकांकडं संशयानं बघायला लागले, तेव्हा चाचा हसून म्हणाले, "ठैरो, पांढरी घोडी बी जल्मताना काळीच असती, उमर झाली की रंग बदलंल."