आठवड्यातला गाळलेला वार

माझ्या सासरच्या गावाला संस्थांची भारी हौस होती. राज्य अजून मध्य प्रदेशाचं होतं, जिल्ह्याला चांदा म्हणत आणि गावात वीज नव्हती, पण संस्था होत्या. कोंडवाडा होता. त्यात गरिबाची गाय पडायची आणि पंचांचा बैल त्याच शेतात निवांत चरत राहायचा. दवाखाना होता. तिथल्या कंपाउंडरजवळ एकच लाल औषध असायचं, ते प्यायला द्यायचं की अंगाला चोळायला, हे तो रोग्याच्या तोंडाकडे बघून ठरवायचा. वाचनालय होतं. नागपूरचा पेपर मोटारीने दोन दिवस शिळा होऊन यायचा. ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाचायचा आणि ज्यांना येत नसे ते त्याच्या चुका काढायचे. या सगळ्या संस्थांचे अध्यक्ष एकच होते, ते म्हणजे माझे सासरे, आणि ते अंगठेबहाद्दर होते.

मी त्यांना मामाजी म्हणायची. सासऱ्याला आमच्याकडे तसंच म्हणतात. उंच माणूस, हातात काठी, आवाज असा की कोंडवाड्यातली जनावरंही कान टवकारायची. ते घरात आले की मी उठून उभी राहायची, पदर कपाळापर्यंत ओढायची आणि मनात त्यांना शिव्या द्यायची. कारण सांगते. मी ब्रह्मपुरीची, सातवी पास. पुढे शिकायचं होतं. लग्न ठरवताना मामाजींनी माझ्या वडिलांना सांगितलं होतं, "शिकली पोरगी आहे तं बरंच आहे, आमच्या गावात शाळा आहे." वडिलांना वाटलं मला शाळेत नोकरी मिळेल. इथे आल्यावर कळलं की गावात शाळा आहे एवढंच ते बोलले होते, आणि ते खरंच होतं.

ती मुलींची शाळा, चौथीपर्यंतची, एका खोलीची. बाई वर्ध्याकडच्या, खादी नेसणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या. माझी लहान नणंद त्या शाळेत जायची. बाई तिच्या दप्तरातून मला पुस्तकं पाठवायच्या आणि मी चुलीपाशी बसून वाचायची. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूला, वाटे की नणंदेचा अभ्यास घेते आहे. ती पुस्तकं होती म्हणून त्या घरात माझे दिवस गेले. नाहीतर मी काय केलं असतं कोण जाणे.

आता वारांचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या झाडीपट्टीत पोरगं ज्या वारी जन्मलं त्या वारावरून त्याचं नाव ठेवायची जुनी रीत होती. आईबापाला डोकं चालवावं लागत नसे. आमच्याच गल्लीत सोमवारचे तिघे, शुक्रवारचे दोघे आणि शनिवारचा एक असे पुरुष नांदत होते. मामाजी बुधवारचे. आणि सुनेने नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, त्या नावाच्या जवळपासचा शब्दही नाही. माझ्या नवऱ्याला देवाचं नाव होतं, तेव्हा त्या देवाशी माझं बोलणं बंद. आणि वारांपैकी बुधवार बंद. नेमका त्याच वारी गावचा बाजार भरायचा. अख्खं गाव आठवडाभर तो वार घोकायचं, "बुधवारी घेऊ, बुधवारी विकू, बुधवारी भेटू," आणि मी म्हणायची "बाजाराच्या दिवशी." सोमवारवाल्या सुना "महादेवाचा वार" म्हणत, शनिवारवाली "मारुतीचा वार." आम्हा बायकांचा आठवडा असा आडवाटेने चालायचा आणि कुणाचं काही अडत नसे.

त्या वर्षी मोहफुलं पडायच्या दिवसांत डिप्टीसाहेबांचं पत्र आलं. डिप्टी म्हणजे शाळा तपासणारे साहेब. पत्र बाईंनी मामाजींना वाचून दाखवलं, मी दाराआडून ऐकलं. बुधवारी तपासणी, हजेरी वीसच्या खाली असेल तर शाळा बंद, मुलींनी मुलांच्या शाळेत बसावं. मुलांच्या शाळेत म्हणजे घरी, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. आणि बाईंची बदली.

बुधवारी वीस मुली आणायच्या कुठून? बाजाराच्या दिवशी ढिवरांच्या पोरी आयांबरोबर मासोळी घेऊन बसायच्या. बाकीच्या पहाटेच टोपल्या घेऊन जंगलात, मोहफुलं वेचायला. जंगलातल्या गावांहून ज्या तिघी-चौघी यायच्या, त्या तर महिनाभर दिसतच नसत. मोह काही डिप्टीसाहेबांसाठी झाडावर थांबत नाही. पटावर तीस नावं होती आणि त्या दिवशी हाती लागणार होत्या चार.

मामाजींना शाळेचं प्रेम होतं असं नाही. पण शाळा इथून उठली तर नदीपलीकडच्या गावाला जाणार अशी बोलवा होती, आणि त्या गावाशी यांचं तीन पिढ्यांचं हाडवैर. त्यांनी पंच बोलावले. ओसरीवर बराच वेळ पानं खाऊन झाली आणि मग मामाजी म्हणाले, "पोरी नाई तं सुना तं आहेत. बसवा सुनाइले."

ऐकून मी हातातली पळी खाली ठेवली. हीच माणसं सून विहिरीवर जास्त वेळ थांबली तर निरोप पाठवत. आता त्यांनीच फर्मान काढलं की चौदा ते अठरा वयाच्या गावातल्या सगळ्या सुनांनी दोन वेण्या घालून, डोक्यावरचा पदर खाली घेऊन, मंगळसूत्र पोलक्यात खुपसून परपुरुषासमोर बसायचं. जोडवी दिसू नयेत म्हणून मांडी घालून पाय आत घ्यायचे. धर्म कुठे गेला, असं एकाही सासूने विचारलं नाही. नाक नदीपलीकडे जाणार म्हटल्यावर धर्मही थोडा सरकून बसला.

बाई मात्र बिचकल्या. त्या म्हणाल्या, "हे पाप आहे, मी असं करणार नाही."

"पाप माह्या नावावर टाका, बाई," मामाजी म्हणाले. "तुमी फक्त हजेरी घ्या."

बुधवारी सकाळी आम्ही सोळा सुना शाळेत गेलो. एकीचं अंगावरचं पोर बाहेर तिच्या सासूच्या मांडीवर होतं, ते रडलं की हिचं पोलकं ओलं व्हायचं. बाईंनी प्रत्येकीला एकेका गैरहजर मुलीचं नाव वाटून दिलं. उघड्या डोक्याने बसायला लाज वाटत होती हे खरं, पण खरं सांगायचं तर मजाही येत होती. दोन वर्षांनी मी चटईवर बसले होते, पुढ्यात पाटी होती. बाहेर व्हरांड्यात मामाजी खुर्ची टाकून बसले, शेजारी पंच.

डिप्टीसाहेब जीपमधून आले. घामेजलेला, चष्मेवाला, सज्जन दिसणारा माणूस. हजेरी झाली, चार खऱ्या आणि सोळा खोट्या, बरोब्बर वीस. साहेबांनी मान हलवली. मला वाटलं, सुटलो.

मग ते म्हणाले, "मुली घाबरल्या आहेत, सोपं काहीतरी विचारू. बाई, फळ्यावर वार लिहा."

बाईंनी लिहिले. त्या बिचाऱ्या वर्ध्याकडच्या, त्यांच्या ध्यानातही आलं नाही. मी मात्र फळ्याकडे बघितलं आणि मग एकेका सुनेकडे.

पहिली उठली ती सोमवारवाली. तिने थेट मंगळवारपासून सुरुवात केली आणि रविवारी थांबून खाली बसली. साहेब म्हणाले, "पहिला राहिला." ती पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी राहिली. दुसरी छान वाचत गेली आणि गुरुवारवरून शनिवारवर उडी मारून मोकळी झाली. तिसरी शनिवारपाशी आली, अडखळली आणि म्हणाली, "मारुतीचा." चौथी पुन्हा सोमवारवाली. साहेबांनी छडी फळ्यावर सोमवारवर ठेवली आणि विचारलं, "हे काय आहे?" तिने इतक्या जोरात मान हलवली की वेणी सुटली. खऱ्या चार मुलींना विचारलं असतं तर त्यांनी सातही वार घडाघडा म्हटले असते. पण त्या लहान, पुढच्या ओळीत, आणि साहेबांना मोठ्या मुलींचं शिक्षण बघायचं होतं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "बाई," ते म्हणाले, "तुमच्या शाळेत आठवडा सहा दिवसांचा दिसतो. कोणता वार गाळायचा ते ज्याचं त्याने ठरवायचं काय? इतक्या मोठ्या मुलींना जर वार येत नाहीत, तर ही शाळा कशासाठी चालवायची?"

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

मला राग आला. कुणाचा ते आजही नीट सांगता येत नाही. त्या साहेबाचा, आईबापांनी डोकं न चालवता ठेवलेल्या त्या नावांचा, व्हरांड्यात पान चघळणाऱ्या पंचांचा, सगळ्यांचाच. शाळा जाणार, बाई जाणार आणि मी त्या चुलीपाशी हयातभर राख उकरत बसणार. मी उठले. कुणी उठ म्हटलं नव्हतं.

"सोमवार, मंगळवार," मी वाचलं, आणि मग, व्हरांड्यात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "बुधवार." शेजारणीने जीभ चावली. मागून कुणीतरी "अगं माय" म्हटलं. व्हरांड्यातली काठी फरशीवर एकदा आपटली. मी रविवारपर्यंत गेले आणि उभीच राहिले.

साहेब म्हणाले, "हिला येतं. मग यांना का येत नाही?"

"यांना पण येतं, साहेब," मी म्हटलं. "ती त्यांच्या घरच्या माणसांची नावं आहेत. म्हणून त्या घेत नाहीत."

आपण सोळाही जणींचं बिंग फोडलं हे मला बोलून झाल्यावर कळलं. साहेबांची नजर आमच्या पोलक्यांवरून, मग आत घेतलेल्या पायांवरून फिरली. बाहेर ते पोर नेमकं तेव्हाच रडायला लागलं.

"आणि तुझ्या घरचं नाव कोणत्या वारात आहे?" त्यांनी विचारलं.

"बुधवारात."

"मग तू कशी घेतलीस?"

"शाळा जाऊन राह्यली होती, साहेब," मी म्हटलं. माझ्या तोंडून सासरची बोली निघाली, ब्रह्मपुरीची सातवी कुठल्या कुठे गेली.

साहेबांनी कागद पुढ्यात ओढला. मग त्यांनी अध्यक्षांना आत बोलावलं. मामाजी आले, हात जोडून. साहेब त्यांच्यावर ओरडले नाहीत. म्हणाले, "आज हजेरी वीस आहे, मी वीस लिहितो. शाळा चालू राहील. पण आज ज्या हजर आहेत त्या उद्याही हजर पाहिजेत, परवाही. मी दिवाळीनंतर पुन्हा येईन आणि याच सगळ्या मला दिसल्या पाहिजेत. कबूल असेल तर इथे सही करा."

पंचांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. सोळा घरांतल्या सोळा सुना रोज शाळेत, म्हणजे सोळा घरांतल्या सासूबाई रोज चुलीपाशी. मामाजींनी मागे वळून कुणालाही विचारलं नाही. शाईच्या डबीत अंगठा बुडवला आणि कागदावर दाबला.

जीप गेली. सुना पदर डोक्यावर घेऊन पळाल्या. बाई खुर्चीवर बसून रडत होत्या, मग तोंड धुवायला विहिरीवर गेल्या. मी तिथेच उभी राहिले, कारण घरी जायचं धाडस नव्हतं. आत्याबाईंच्या कानावर एव्हाना गेलंच असणार. मी मनात माहेरची पेटी भरत होते.

मामाजी आत आले. मी पदर ओढला. आता तो ओढण्यात काही अर्थ नव्हता, पण हात आपोआप गेला.

"कोनता?" त्यांनी विचारलं.

मला कळलं नाही.

त्यांनी काठीने फळ्याकडे दाखवलं. "तू जो वाचला थो. माहा. कोनता आहे?"

मी तिसऱ्या शब्दाखाली बोट ठेवलं. ते फळ्याजवळ गेले, इतके जवळ की नाक लागेल. या माणसाच्या नावाने गावात पोरं रडायची थांबत, कोर्टात साक्षी बदलत.

"हे सगळं माहं?"

"नाही, मामाजी. मागचे दोन वाराचे. तुमचं पुढचं, एवढं."

"म्हंजे दोनच अक्षर?"

"दोनच."

ते बघतच राहिले. शाईचा अंगठा त्यांनी धोतराला पुसला, पुन्हा पुसला, पण तो निघत नव्हता. "मले वाटे, लय मोठं असन," ते म्हणाले. "म्हून कधी हात नाई लावला." त्यांचा आवाज मी कधी इतका हळू ऐकला नव्हता. मला एकदम रडू आलं, आणि या माणसासाठी आपण रडतो आहोत याचा रागही आला.

मी खडू पुढे केला. त्यांनी घेतला नाही. दारापर्यंत गेले, तिथे थांबले, पाठ माझ्याकडे.

"उद्यापासून शाळेत येजो," ते म्हणाले. "घरी आल्यावर मले थे दोन सांगजो. बाकीचे तुह्यापाशी ठेव."