गायधने साहेबांनी स्वतःच्या नावावर घेतलेली चूक

गायधने साहेबांची आणि माझी पहिली भेट सौंसरजवळच्या एका मँगनीज खाणीच्या कार्यालयात झाली. ऐंशीच्या दशकाची अखेर होती, मी कॉम्प्युटर विभागात रुजू व्हायला आलो होतो. कॉम्प्युटरच्या खोलीत धूळ जाऊ नये म्हणून ते ओल्या फडक्याने उंबरठा पुसत होते. शिपाई समजून मी विचारलं, "साहेब कुठे बसतात?" ते म्हणाले, "बूट काढा, आत बसा. साहेब येऊनच राहिले." मग फडकं पिळून ते विभागप्रमुखाच्या खुर्चीत येऊन बसले.

पांढुर्ण्याचे प्रभाकरराव गायधने आज पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांच्या गुणांविषयी या गौरवग्रंथात इतर सहकारी लिहितीलच. मला एकच घटना सांगायची आहे. ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

खाणीत प्रत्येक कामगाराची छाती तपासली जात असे. जुने कागद वाळवीने खायला घेतले, तेव्हा साहेबांनी त्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवून घेतल्या. धुळीने फुप्फुस गेलं, तर नोकरीत येताना ते धड होतं हे दाखवायला कामगाराकडे सहसा दुसरा पुरावा नसे. पुढे जुन्या डिस्क कुरकुरू लागल्या आणि नव्या डिस्कची पेटी आली. नव्या व्यवस्थेत सगळ्या डिस्क एकत्र जोडून त्यांत हवे तसे कप्पे पाडता येत, आणि कार्यालयाचं काम चालू असतानाच एकेक कप्पा जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर सरकवता येई. साहेबांनी कागदावर चौकोन काढून मला हे शिकवलं. "कप्पा पुरता पोचल्याशिवाय जुनी डिस्क सोडायची नाही," असं बजावलंही.

काम अर्ध्यावर असताना साहेबांचे वडील अत्यवस्थ झाल्याची तार आली आणि ते पांढुर्ण्याला गेले. तपासण्यांचा कप्पा मध्येच अडकला. पडद्यावर तसा इशारा आला होता, मी तो वाचला नाही. जुनी डिस्क मोकळी केली आणि पुसून टाकली. बॅकअपची टेप लावली, तर ती वाचलीच जाईना.

वडिलांची तेरवी आटोपून साहेब परतले. मी सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "टेप वाचून पाह्यली होती का?"

टेपच्या नोंदवहीत माझ्या अक्षरात 'तपासली' असं लिहिलेलं होतं, खाली माझी सही होती. मी ती एकदाही लावून पाहिली नव्हती. मी तसं त्यांना सांगितलं.

व्यवस्थापकांसमोर साहेब म्हणाले, "विभाग माझा आहे. नाव माझं लिहा." त्यांना भांडारात बसवलं गेलं. मी गप्प राहिलो.

त्यानंतर दर रविवारी ते कामगारांच्या घरी जाऊ लागले, मीही सोबत जात असे. लोकांच्या पेट्यांतून, देव्हाऱ्यामागून डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्या शोधायच्या आणि नोंद पुन्हा उभी करायची. बऱ्याच उभ्या राहिल्या. सावरगावच्या रामाजींची मात्र चिठ्ठी सापडली नाही. दम लागू लागल्याने काम सोडून ते घरी परतले होते. त्यांचा नुकसानभरपाईचा दावा फेटाळला गेला, आणि काही महिन्यांत ते गेले.

आम्ही भेटायला गेलो, तेव्हा त्यांच्या पत्नी यशोदाबाई म्हणाल्या, "सायेब, आमच्या मानसाच्या छातीचा फोटो तुमच्या मशीनीत हाय म्हने. भेटन का?"

साहेब जमिनीवर बसले. "नाही बाई. तो आमच्या हातून गेला. चूक आमची आहे."

बाईंनी उठून दोन पेले पाणी आणून ठेवलं. "तुमी सांगाले तरी आले," त्या म्हणाल्या. "बाकी कोनी आलं नाही."

परतताना जाम नदीच्या काठी साहेब थांबले आणि तोंड फिरवून रडले. मी म्हणालो, "साहेब, मी जाऊन सगळं खरं सांगतो." ते म्हणाले, "तुझी नोकरी जाईल, तिचा माणूस येणार नाही. पुढच्या रविवारी कोणतं गाव आहे ते पाह्य."

निवृत्त होईपर्यंत ते भांडारातच राहिले. माझ्या लग्नात ते वडीलधाऱ्यासारखे उभे होते, माझ्या बढतीच्या दिवशी पेढे घेऊन आले. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. हे छापलेलं त्यांना आवडणार नाही, पण त्यांच्या गौरवाच्या ग्रंथात माझी खोटी सही लपून राहू नये.

साहेबांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आणि त्या आयुष्यात एकदा तरी त्यांनी मला समोर बसवून मनापासून रागवावं, एवढं माझं मागणं आहे.