हॉपर रिकामा झाला का?

किस्से सांगायचे असं मी कधी ठरवत नाही. ते खडीसारखे साचत जातात. रुळाखाली कितीही खडी ओता, वरून गाड्या जातात, खडी दबते आणि वर्षभरात पुन्हा ओतावी लागते. हैदराबादच्या आसपासच्या रुळांवर मी तीस वर्षं हेच केलं. पूर्वी घरी आल्यावर बायको विचारायची, आज काय केलंत? उत्तर रोज एकच असल्यामुळे तिनं विचारणं सोडून दिलं.

आमचं घराणं जुनं, सरकारी नोकरीतलं. आजोबा कचेरीत, वडील शाळेत, काका कोर्टात. मी एकटाच दगडात.

खडीचा हॉपर म्हणजे वरून उघडा आणि आतून उतरता असा लोखंडी डबा. तळाला दरवाजे, टोकाला एक चाक. चाक फिरवलं की दरवाजा उघडतो, गाडी माणसाच्या चालीनं सरकते आणि खडी रुळावर पडत जाते. हे सगळं ब्लॉकमध्ये, म्हणजे बाकीच्या गाड्या थांबवून मिळालेल्या दीड-दोन तासांत उरकायचं. तेवढ्यात गाड्या सोडणाऱ्या कंट्रोलचा फोन दहा वेळा येतो. प्रश्न ठरलेला : हॉपर रिकामा झाला का?

आम्ही तिघं कायम बरोबर. मी इंजिनिअर. गौसभाई गाडीचा गार्ड. त्याच्या पदाचं नाव आता बदललंय, पण त्याला कोणी नव्या नावानं हाक मारली तर तो मागे वळून दुसरं कोण आलंय ते बघतो. आणि यादगिरी, टोळीचा मेट, म्हणजे मुकादम. चाक त्याच्या हातात.

०००

रस्त्याचं फाटक आलं की त्याच्या आधी हॉपरचा दरवाजा बंद करायचा, नाहीतर सगळा माल रस्त्यावर. एकदा दरवाजात मोठा दगड अडकला. यादगिरी चाकाला लटकला तरी ते फिरेना. फाटकाच्या बरोबर मधोमध गुडघाभर ढीग पडला.

पलीकडे भर दुपारी एक वरात उभी. बँडवाले, घोडा, घोड्यावर नवरदेव. आमची टोळी ढीग उपसायला लागली, पण माणसं कमी. मुहूर्त टळायला आला तसा वरात न्यायला आलेला मुलीचा बाप कासावीस झाला. शेवटी नवरदेव घोड्यावरून उतरला, शेरवानीच्या बाह्या वर केल्या आणि घमेलं उचललं. मग सगळी वरातच कामाला लागली. बँडवाल्यांनी तेवढं वाजवत राहायचं ठरलं.

रस्ता मोकळा झाल्यावर नवरदेवानं हात झटकले. गौसभाई त्याला म्हणाला, "आदत डाल लो मियाँ. आज बस शुरुआत है."

०००

वरच्या ऑफिसला हल्ली फोटो लागतात. खडी टाकण्यापूर्वीचा एक, टाकल्यानंतरचा एक, दोन्ही मोबाइलवरून. ऊन मी म्हणत होतं, चष्मा घामानं भरलेला, आणि मी एकच फोटो दोनदा पाठवला. दोन्ही आधीचेच.

चूक मागाहून लक्षात आली. खुलासा काय द्यायचा ते मनात लिहीत बसलो. तेवढ्यात उत्तर आलं, "फरक स्पष्ट दिसतोय. व्हेरी गुड."

तेव्हापासून मी खुलासे मनात लिहिणं बंद केलं. थकवा तेवढाच कमी.

०००

मला एक खूळ आहे. कुकटपल्लीच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत मी हॉपरची मॉडेलं करतो. वीतभर लांबीचा डबा, दरवाजे उघडणारे, चाक फिरणारं. बायकोच्या मते दिवसभर ज्याला शिव्या देतो तेच घरी येऊन बनवणारा माणूस तपासून घेतला पाहिजे.

मॉडेलमध्ये भरायला खडीही तशीच बारीक हवी. खरी खडी खलबत्त्यात कुटली, पण चाळायला घरची चहाची गाळणी घेतली म्हणून दोन दिवस चहा मिळाला नाही. मग बेगम बाजारात गेलो. दुकानदारानं चाळण्यांचा ढीगच समोर मांडला आणि विचारलं, "क्या छानना है साब? मैदा, रवा?"

मी खरं ते सांगितलं. "पत्थर."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं, चाळणी कागदात बांधली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "घर में सब खैरियत है ना?"

०००

आता यादगिरीचं.

हॉपर रिकामा झाला की नाही हे वर चढून बघता येत नाही. डोक्यावर विजेची तार असते, चढला तो संपला. म्हणून खालूनच ओळखायचं. गौसभाईची पद्धत कानाची : डब्यावर दगड मारायचा आणि ऐकायचं. भरलेला डबा ठस्स वाजतो, रिकामा घुमतो. यादगिरीची पद्धत वेगळी. एक तळहात डब्याला टेकवायचा, दुसऱ्या हाताची मूठ शेजारी हलकेच मारायची आणि डोळे मिटायचे. मग म्हणायचं, "इंका उंदी." तेलुगूत, अजून आहे.

गौसभाई चिडवायचा, "हकीम साब नब्ज देख रहे." पण गौसभाईनं 'खाली', म्हणजे रिकामा, म्हटलेल्या डब्यातून यादगिरी आणखी दोन घमेली काढून दाखवायचा. पावसात खडीची भुकटी कोपऱ्यात घट्ट बसते, ती कानाला कळत नाही. त्याला कळायची. मला वाटायचं, ही त्याची ऐट आहे.

०००

एका सकाळी यादगिरी माझ्यापुढे चालत होता. शेजारच्या रुळावर गाडी आली. तिनं शिटी दिली, मी ओरडलो, टोळी ओरडली. तो तसाच रुळाकडे सरकत चालला होता. मी धावत जाऊन त्याचा शर्ट धरला आणि मागे ओढला. गाडी गेल्यावर दोघंही खडीत बसून होतो.

तेव्हा उलगडलं. त्याला जवळपास ऐकूच येत नव्हतं, कित्येक वर्षं. खडीच्या आवाजानं कान गेले होते. तो आमच्या ओठांकडे बघून बोलायचा आणि पाठमोरी हाक मारली तर ओ देत नाही म्हणून आम्ही त्याला गर्विष्ठ म्हणायचो.

चहाच्या टपरीवर तो म्हणाला, "साब, रिटायरमेंटकू दस महीने बाकी हैं. किसीकू बोलो नक्को."

मी काही कबूल केलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याला तपासणीला पाठवायचं पत्र लिहिलं. तो नापास झाला. त्याला गाडीवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं, फावडी आणि घमेली द्यायला. तीस वर्षं ज्यानं गाड्या रिकाम्या केल्या तो काउंटरमागे स्टुलावर बसला. माझ्याकडे सहीला कागद आणायचा, ठेवायचा, न्यायचा. मान वर करायचा नाही, त्यामुळे मी काय बोललो तेही त्याला कळायचं नाही. दहाही महिने असेच गेले.

गौसभाई मला म्हणाला, "आपने सही किया साब. मैं होता तो नहीं करता." या एका वाक्यावर मी अनेक दुपारी काढल्या. मला फार वाईट वाटत होतं, आणि तेच पत्र आज पुन्हा लिहावं लागलं तर मी लिहीन, याचंही वाईट वाटत होतं. एकदा स्टोअरच्या काउंटरशी उभा राहून मी गौसभाईला म्हटलं, "अपन तो खाली हो गए मियाँ. पूरे खाली." समोर यादगिरी फावडी पुसत होता, त्या घडीला मान वर करून.

०००

त्याच्या निवृत्तीच्या दिवशी स्टोअरमध्येच समोसे आणि बिस्किटं मागवली. हार झाला, शाल झाली. मग मी पिशवीतून मॉडेल काढलं. ते मी त्या दहा महिन्यांत केलं होतं, नंबर त्याच्याच गाडीतल्या हॉपरचा. आत बेगम बाजारच्या चाळणीनं चाळलेली खडी.

यादगिरीनं नंबरावरून बोट फिरवलं. मग दोन बोटांनी चाक फिरवलं. दरवाजे उघडले, टेबलावर खडीची बारीक ओळ पडत गेली. टोळीनं टाळ्या वाजवल्या. गौसभाईनं डब्यावर नख वाजवून पाहिलं आणि जाहीर केलं, "खाली."

यादगिरीनं डब्याला तळहात लावला, बोटानं टिचकी दिली, डोळे मिटले. मान हलवून नाही म्हणाला. मी डबा उलटा करून आपटला. कोपऱ्यात अडकलेली चिमूटभर खडी टेबलावर पडली.

सगळे हसले आणि समोशांकडे वळले. मी खडी गोळा करायला वाकलो होतो. तेवढ्यात माझ्या पाठीवर एक तळहात टेकला, आणि शेजारी एक मूठ, अगदी हलकेच, दोनदा. मी वळून पाहिलं. यादगिरीचे डोळे मिटलेले होते.

"इंका उंदी, साब."